कॉलेजच्या पार्ट्या, २१-२५ चा नियम आणि आमची शिस्त समिती

धंतोलीकर
नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. नाव विचारू नका, ओळखलंत तरी इथे लिहू नका. या सत्रापासून मला शिस्त समितीवर घेतलं आहे आणि पहिलंच प्रकरण असं आलं की झोप उडाली.

गॅदरिंग संपल्यावर दुसऱ्या वर्षाच्या काही मुलांनी काटोल रोडकडच्या एका फार्महाऊसवर पार्टी केली. कॉलेजचा त्यात काही संबंध नाही. एक मुलगा प्रमाणाबाहेर प्यायला आणि पडला. मित्रांनी त्याला दवाखान्यात नेलं नाही. हॉस्टेलवर आणून पलंगावर टाकलं, वर पांघरूण घातलं आणि झोपले. सकाळी वॉर्डनने बघितलं तेव्हा उशी उलटीने भरलेली आणि हाक मारली तर ओ नाही. वाचला, सुदैवाने. दवाखान्यात का नेलं नाही, असं मी एकेकाला वेगवेगळं बोलावून विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: "सर, नेलं असतं तर रस्टिकेट झालो असतो."

आमच्या नियमावलीत एक ओळ आहे: "मद्यपान केल्यास वसतिगृहातून तात्काळ निष्कासन." समितीत अर्धे म्हणतात ती लागू करा, अर्धे म्हणतात जाऊ द्या, पोरं आहेत. मला दोन्ही पटत नाही. ही ओळ ठेवावी की बदलावी? बदलायची तर काय लिहावं? मुलं १९-२० ची आहेत, म्हणजे कायद्याने बियरसुद्धा नाही.

तर्रीपोहा
जागा पकडून बसलो. चिवडा आणला आहे, बाकीचं सर आणू देणार नाहीत.

जुनाखाकी
राज्य उत्पादन शुल्क खात्यात नोकरी झाली, आता घरी बसून आहे. आधी कायदा मांडतो, कारण "अठरा झाले की झालं" म्हणणारे येतीलच.

महाराष्ट्रात वाईन आणि माईल्ड बियर २१ नंतर, कडक दारू २५ नंतर. शिवाय १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, त्यामुळे पन्नाशीच्या माणसालाही प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आजीवन १०००. फार्महाऊसवर पार्टी करायची तर तात्पुरता परवाना वेगळा घ्यावा लागतो. तो नसेल तर जागा चालवणाऱ्यावर कलम ६८ आणि तिथे पिताना सापडेल त्याच्यावर कलम ८४. धाब्यांवर आम्ही हीच जोडी लावायचो.

खात्याचा सगळा जोर विकणाऱ्यावर असतो, कारण लायसन्स त्याचं असतं आणि भीती त्यालाच असते. वय कमी म्हणून पोराला धरून कोर्टात नेलं, असं माझ्या नोकरीत क्वचितच झालं. मात्र धाब्यावरच्या धाडीत सापडला तर नाव केसवर येतं. पुढे पोलीस पडताळणीच्या वेळी बाप साहेबांना शोधत फिरतो.

सेम_सात
काका, वय कोणी विचारूनच नाही राहिलं. सातव्या सेमला आहे, पहिल्या वर्षापासून बघून राहिलो. बारमध्ये जायला पैसे कोणाजवळ आहेत? कॉन्ट्री काढायची, ग्रुपमधला सगळ्यात दाढीवाला पोट्टा दुकानात जाते आणि सगळे कोणाच्या तरी रूमवर बसतात. दुकानवाला तोंडाकडे नाही, नोटेकडे पाहते.

आणि नियम तर ऐका. मत १८ ला. लग्न २१ ला. लग्नाच्या पार्टीत व्हिस्की २५ ला. चार वर्षं नवरदेव पाहुण्यांचे ग्लास भरत फिरेल का?

तर्रीपोहा
तोपर्यंत बारशाचीही पार्टी होऊन जाते बे.

गल्ल्यावरचा
सेम_सात भाऊ, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. सदरमधल्या एका परमिट रूमच्या गल्ल्यावर बसतो. आमच्याकडे विचारतात. पण विचारून काय होते ते सांगतो.

सहा जण येतात. पाच जण आधार दाखवतात, सहावा म्हणतो मी कोल्ड्रिंक घेईन. बाटली एकदा टेबलावर गेली की कोणाच्या ग्लासात काय आहे हे बघायला मी वेटरला तिथे उभा ठेवू शकत नाही, बाकीची टेबलं आहेत. मोबाईलवरचं आधार तर कलाकारी असते. मागे एकाने दाखवलं, जन्मसाल १९९८. चेहरा बारावीचा. नीट पाहिलं तर ९ आणि ८ बाजूच्या आकड्यांपेक्षा थोडे जाड होते आणि ओळीच्या जरा खाली बसलेले. म्हटलं डिजिलॉकर उघड. "नेट नाही चालून राहिलं." म्हटलं आमचं वायफाय घे. तर म्हणे, "दादा, पनीर चिली पार्सल मिळेल का?"

पुण्यात मे २०२४ मध्ये पोर्शेचा अपघात झाला, दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडी १७ वर्षांच्या मुलाच्या हातात होती. तेव्हा ज्यांनी पाजली त्या बार-पबवाल्यांनाही अटक झाली. आमच्या मालकाने लगेच दारावर एक माणूस ठेवला, फक्त वय बघायला. दिवाळीपर्यंत होता. मग गर्दी वाढली आणि तो माणूस सर्व्हिसला लागला.

तर्रीपोहा
यंदा पोळ्याच्या पाडव्याला मारबतीच्या मिरवणुकीत एक बडग्या (पुतळा) यावर काढा: "फोटोशॉपचे आधार घेऊन जा गे मारबत!"

बेसाकर
इथे सगळे विनोद करून राहिले म्हणून लिहितो. बेसा भागातल्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. बारवाले कडक झाले की पोट्टे आमच्या फ्लॅटमध्ये येतात. मालक पुण्या-मुंबईत, भाडं चोख येते म्हणून खूश. इकडे रात्री दोन वाजता जिन्यात उलटी आणि लिफ्टमध्ये बाटल्या. पोलिसांना फोन केला तर गाडी येते, आवाज कमी करा म्हणते, जाते. गाडी चौकात पोचेपर्यंत पुन्हा सुरू.

धंतोलीकर सर, कशाची समिती आणि कशाची चर्चा? नियम लिहिला आहे ना, काढा बाहेर. एकाला काढलं की पन्नास सुधरतात.

सेम_सात
बेसाकर काका, हॉस्टेलमधून काढल्यावर तो जाईल कुठे? तुमच्याच सोसायटीत फ्लॅट पाहील.

बेसाकर
आमच्याकडे आता बॅचलरला बंदी आहे.

तर्रीपोहा
म्हणजे २५ च्या आधी दारू नाही आणि लग्नाच्या आधी घर नाही. पोट्ट्याने करायचं काय, अंबाझरीच्या पाळीवर तंबू?

आर्वीकर
आमच्या वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधीजींचा जिल्हा. म्हणून आमच्याकडची पोरं नागपूरला ॲडमिशन मिळाली की काय करतात हे वेगळं सांगायला नको. पहिल्या आठवड्यात सीताबर्डी बघतात, दुसऱ्या आठवड्यात वाईन शॉपची रांग. गावात हातभट्टीचा वास नाकाला असतो, पण लेबल लावलेली बाटली दुकानात उघड्यावर मांडलेली कधी पाहिलेली नसते. मीही असाच पाहत उभा राहिलो होतो. ह.घ्या.

चिमूरची_लेक
आर्वीकर, हलकंच घेतलं, पण एक बाजू सांगते. २०१० च्या हिवाळी अधिवेशनात चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया चिमूरहून पायी नागपूरला आल्या होत्या, दारूबंदी मागायला. आमच्या मोहल्ल्यातल्याही होत्या. २०१५ ला बंदी झाली, २०२१ ला उठली. मधल्या काळात दारू मिळतच होती, चोरून आणि महाग. हे सगळं खरं. पण भर चौकातलं दुकान बंद झालं आणि संध्याकाळी शिकवणीवरून येताना आम्ही मुली त्या रस्त्याने जायला लागलो, हेही खरं. "बंदीने काही होत नाही" असं इतक्या सहज समजू नका.

आता मूळ प्रश्न. सगळे पोट्टे-पोट्टे करून राहिले. मुलीही पितात, आणि मुलींच्या हॉस्टेलला नियम तोच असला तरी शिक्षा वेगळी असते. मुलाला वॉर्डन दम देतात, माफीनामा लिहून घेतात. मुलीच्या घरी पहिला फोन. माझ्या रूममेटच्या बाबतीत बघितलं आहे. थंडीत कोणाच्या तरी वाढदिवसाला दोन घोट घेतले होते, वास आला म्हणून वॉर्डन मॅडमने वडिलांना कळवलं. वडील दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आले, गादी गुंडाळली, पुस्तकं पोत्यात भरली. पाचवं सेम होतं तिचं. परीक्षेलाही आली नाही. तिच्यासाठी ते हॉस्टेलमधून निष्कासन नव्हतं, शिक्षणातून होतं. सर, तुमच्या एका ओळीत हे कुठे बसते?

धंतोलीकर
चिमूरची_लेक, खरं सांगायचं तर आमच्या समितीत एकही बाई नाही. ही गोष्ट उद्याच मांडतो.

टाकेघाला
कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या करणारा डॉक्टर. धागा उशिरा दिसला. कायद्यावर बोलत नाही, त्या पांघरुणावर बोलतो.

"झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल." यानेच मुलं जातात. शेवटचा ग्लास पोटात गेला तरी दारू रक्तात चढणं पुढे चालूच असतं, म्हणजे पलंगावर टाकल्यावर तो आणखी खोल जाऊ शकतो. यकृत साधारण तासाला एक लहान पेग एवढंच निस्तरतं, आणि त्याला घाई करता येत नाही. लिंबू, दही, काळी कॉफी, थंड पाण्याची बादली, यातल्या कशानेही नाही. थंड पाण्याने उलट अंग गार पडून धोका वाढतो. घशात बोटं घालून उलटी काढायची नाही. बेशुद्ध माणूस पाठीवर असेल तर स्वतःच्याच उलटीने श्वास कोंडतो.

म्हणून: कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवा म्हणजे तो पुन्हा पाठीवर पडणार नाही, आणि एक माणूस जागा बसवा. हाक मारून, खांदा हलवूनही उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार किंवा ओठ निळसर असतील तर १०८. त्या वेळी वय, परवाना, वॉर्डन काही आठवायचं नाही.

आमच्याकडे येणारी मुलं काय करतात माहीत आहे? मित्राला स्ट्रेचरवर टाकतात आणि पळून जातात. किती प्यायला, कधी प्यायला, सोबत कुठली गोळी घेतली का, डोक्यावर पडला का, हे सांगायला कोणीच नाही. ही माहिती मला रक्ताच्या रिपोर्टच्या आधी हवी असते. पळतात कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की "एमएलसी होते, पोलीस येतात". एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, ती दवाखान्याची नोंद आहे. नोंद झाली म्हणजे आणणाऱ्यावर गुन्हा लागला असं नसतं.

जुनाखाकी
डॉक्टरसाहेब, बरोबर. मी त्यात भर घालतो. सर्वांत जास्त घाबरायला हवं ते पाजणाऱ्याने. पहिल्या वर्षाची कितीतरी मुलं १७ ची असतात. अठराच्या आतल्याला दारू दिली तर बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ लागतं, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. फ्रेशर्स पार्टीत "घे रे, एक घोट" म्हणणाऱ्या सिनियरला हे कोणी सांगत नाही. आणि तो घोट बळजबरीचा असेल तर ते सरळ रॅगिंग. त्याला १९९९ चा राज्याचा कायदा आहे, युजीसीचे २००९ चे नियम आहेत.

सेम_सात
हे खरंच माहीत नव्हतं. आमच्या वेळी सिनियर लोक बाटलीचं झाकण फिरवायचे, ज्याच्याकडे तोंड करून थांबलं त्याने प्यायचं. कोणी जबरदस्ती म्हणायचं नाही त्याला. पण नाही म्हणणाऱ्याचं नाव वर्षभर "दूधवाला" पडायचं.

ओहायोवासी
मी मूळची लक्ष्मीनगरची, आता ओहायोत. दोन वर्षं इथल्या विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये रेसिडेंट असिस्टंट होते. म्हणजे मजल्यावरची मोठी ताई, जिला खोलीचं भाडं माफ असतं आणि त्या बदल्यात शनिवारी रात्री दारं ठोठवावी लागतात.

इथे सगळ्याला २१. १९८४ मध्ये केंद्राने राज्यांना सांगितलं की वय २१ करा, नाहीतर महामार्गाचा निधी कापतो. हळूहळू सगळ्यांनी केलं. पण कॉलेजची मुलं १८ ते २२ ची, म्हणजे एकाच मजल्यावर अर्ध्यांना मुभा आणि अर्ध्यांना गुन्हा. खोटी ओळखपत्रं इथेही आहेत, गल्ल्यावरचे दादा, तुमच्या जाड ९-८ पेक्षा सफाईदार. पार्टीला जायच्या आधी खोलीत बसून घाईघाईत कडक दारू प्यायची, कारण बाहेर मिळणार नाही, ही पद्धत मला सर्वांत घातक वाटली. २००८ मध्ये शंभरावर कॉलेजांच्या अध्यक्षांनी २१ च्या नियमावर पुन्हा विचार करा असं पत्रक काढलं होतं. दुसऱ्या बाजूने रस्ता-सुरक्षावाल्यांनी सांगितलं की वय वाढवल्यावर तरुणांचे अपघाती मृत्यू घटले आहेत. वय २१ च राहिलं.

पण एक गोष्ट मात्र बदलली, आणि सर, ती तुमच्या कामाची आहे. बहुतेक राज्यांत आणि पुष्कळ कॉलेजांत नियम आहे की मित्राची तब्येत बिघडली म्हणून तुम्ही स्वतः मदत मागितली, मदत येईपर्यंत थांबलात, आणि नाव लपवलं नाही, तर वय कमी असताना प्यायल्याची कारवाई तुमच्यावर आणि त्या मित्रावर होत नाही. नंतर समुपदेशकाला भेटावं लागतं. मारामारी केली, गाडी चालवली, दुसऱ्याला पाजली, तर त्याची माफी नाही. माझ्या मजल्यावर पहिल्या वर्षी कोणी मला उठवलं नाही. ऑक्टोबरात हा नियम दारोदारी छापील कागदावर चिकटवला, तेव्हा रात्री तीनला पहिली थाप पडली. उघडलं तर तीन मुली, चौथी त्यांच्या खांद्यावर, आणि पहिलं वाक्य: "तो कागद खरा आहे ना?"

बेसाकर
छान. म्हणजे प्यायचं, पडायचं, फोन करायचा, सुटायचं. दर शनिवारी माफी. आमच्या जिन्यातली उलटी कोण पुसणार?

टाकेघाला
बेसाकर, स्वतःहून दर शनिवारी कॅज्युअल्टीत नाकात नळी घालून घ्यायला येणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

बेसाकर
नळी ठीक आहे डॉक्टर, पण भीती संपली की सगळं संपलं. आम्ही बापाला घाबरून होतो म्हणून शिकलो.

गल्ल्यावरचा
काका, तुमच्या पिढीचे लोकच माझ्याकडे रोज येतात. घाबरून कोण शिकलं ते मला गल्ल्यावरून दिसते.

तर्रीपोहा
या प्रतिसादाला एक प्लेट सावजी माझ्याकडून.

चिमूरची_लेक
बेसाकरांचा मुद्दा अगदी सोडू नका. माफी एकदाच असावी. दुसऱ्यांदा तोच मुलगा आला तर ती शिस्तीची नाही, आजाराची गोष्ट आहे, मग पालकांना सांगावंच लागेल. पण पहिल्यांदा घरी कळवायचं की नाही हे त्या मुलाला किंवा मुलीला विचारून ठरवा. वय १८ च्या वर असेल तर.

धंतोलीकर
तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यावरून मसुदा केला आहे. गुरुवारी बैठक. वाचून फाडा.

"वसतिगृहाच्या आवारात मद्यपान, मद्य बाळगणे व दुसऱ्यास देणे मनाई आहे. कनिष्ठ विद्यार्थ्यास मद्य देणे किंवा पिण्यास भाग पाडणे हे रॅगिंग समजून कारवाई होईल. मात्र कोणाची प्रकृती बिघडल्यामुळे ज्याने वॉर्डन, डॉक्टर किंवा १०८ ची मदत मागितली व मदत येईपर्यंत सोबत राहिला, त्याच्यावर आणि त्या रुग्णावर त्या प्रसंगातील मद्यपानाबद्दल कारवाई होणार नाही. ही सवलत रुग्णास एकदाच मिळेल. मदत मागणाऱ्यास कितीही वेळा."

"तात्काळ निष्कासन" काढलं आहे. प्राचार्य म्हणतील कॉलेजने दारूला परवानगी दिली. मी म्हणेन पहिलं वाक्य वाचा.

जुनाखाकी
"आवारात" काढा किंवा पुढे "वा अन्यत्र" घाला. तुमचं प्रकरण फार्महाऊसवरचं होतं, तुमच्या मसुद्यात ते बसतच नाही. आणि जागा देणाऱ्या फार्महाऊसवाल्याविरुद्ध तक्रार द्यायची की नाही हेही बैठकीत ठरवा. पोरांचे माफीनामे घेता, तो मात्र पुढच्या शनिवारचं बुकिंग घेऊन मोकळा.

टाकेघाला
"डॉक्टर किंवा १०८" आधी लिहा, "वॉर्डन" नंतर. क्रम वाचूनच मुलं फोन लावतात.

धंतोलीकर
दोन्ही बदल केले. तक्रारीचा मुद्दाही घेतला.

ओहायोवासी
आणि हा कागद नियमावलीच्या पुस्तकात ठेवू नका. बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

सेम_सात
सर, मसुदा मस्त आहे. पण एक अडचण कोणी विचारून नाही राहिलं. १०८ ची गाडी रात्री येईल कुठून? आपल्यासारख्या सगळ्याच हॉस्टेलांना साडेदहाला गेटला कुलूप लागते. वॉचमन चावी वॉर्डनला देते आणि वॉर्डन घरी जाते.

धंतोलीकर
हे लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडेही तसंच आहे. चावी वॉचमनकडे ठेवायला सांगतो.

सेम_सात
तोवर काळजी करू नका सर. कोणत्याही हॉस्टेलमध्ये एक डुप्लिकेट चावी पोट्ट्यांकडे असतेच. कोणाकडे ते नका विचारू.

तर्रीपोहा
सर, मसुद्यात अजून एक ओळ टाका: "डुप्लिकेट चावीबद्दलही त्या प्रसंगी कारवाई होणार नाही."

धंतोलीकर
टाकली.